रेंदे आणि माझा उजवा पाय

दम्मामच्या एका इस्पितळात मी गेली एकोणीस वर्षं सुतार आहे. सुतार आपलं म्हणायचं, इकाम्यावर, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्यावर, ‘नज्जार’ लिहिलंय म्हणून. खरं काम म्हणजे खोक्यातून आलेली तयार दारं बिजागऱ्यांवर टांगायची, कपाटांची कुलपं बदलायची आणि भुसा दाबून केलेल्या फळ्यांना स्क्रू मारायचे. त्या फळ्यांचा मला मनापासून राग आहे. लाकडाला रेषा असतात, गाठी असतात, स्वभाव असतो. ह्यांना नुसती जाडी. माझे बाबा रायगडच्या किनाऱ्यावर होड्या बांधायचे. त्यांनी मला हे काम करताना पाहिलं असतं तर काही बोलले नसते, फक्त बिडी पेटवून दुसरीकडे बघितलं असतं, आणि ते जास्त लागलं असतं.

तर एके दिवशी तळमजल्यावरून निरोप आला की कृत्रिम हातपाय बनवायच्या खोलीत एक खण अडकलाय. तिथे एक बल्गेरियन काम करायचा. साठीच्या आसपासचा, उंच, मिशा पांढऱ्या, आणि कोटाला कायम प्लास्टर लागलेलं. इस्पितळात पांढरा कोट घालणाऱ्या प्रत्येकाला आम्ही ‘दक्तूर’ म्हणतो, तसं ह्यालाही म्हणायचो. तो डॉक्टर नव्हता, पाय बनवणारा होता. खण का अडकला ते मला हात घालताच कळलं. आत काहीतरी उभं राहिलं होतं आणि वरच्या पट्टीला टेकलं होतं. मी पटाशीने ते आडवं केलं, खण ओढला, आणि माझ्या तोंडून मराठीच निघालं, “अरे, रंधा!”

जुना, लाकडी, हाताच्या घामाने काळा पडलेला रंधा. कित्येक वर्षांत मी असा रंधा हातात घेतला नव्हता. बल्गेरियनने माझ्याकडे पाहिलं, रंध्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “रेंदे.”

मला वाटलं तो माझी नक्कल करतोय. त्याला वाटलं मी कुठेतरी बल्गेरियात नोकरी केलीय. मग आम्ही दोघांनी त्या रंध्यावर बोट ठेवून आपापला शब्द दोन-तीनदा म्हटला, लहान मुलं एकमेकांना खेळणं दाखवतात तसा. खण दुरुस्त करायला पाच मिनिटं लागली. मी वर गेलो तो तासाभराने.

मी काही शब्दांचा पंडित नाही. पण नंतरच्या महिन्यांत जेवणाच्या सुट्टीत खाली जाऊन बसायची मला सवय लागली, आणि तो शब्द आम्ही दोघांनी मिळून पार सोलून काढला. त्याचं म्हणणं असं की त्याच्या देशावर तुर्कांनी जवळजवळ पाचशे वर्षं राज्य केलं. तुर्क गेले, पण स्वयंपाकघर आणि सुताराची पेटी ह्या दोन जागा त्यांना रिकाम्या करता आल्या नाहीत. तिथले शब्द तसेच राहिले. रेंदे हा त्यातलाच. पण तुर्कांनीही तो स्वतः घडवला नव्हता, तो त्यांनी फारसीतून उचलला. फारसीत रंदीदन म्हणजे खरवडणं, घासून गुळगुळीत करणं. आणि आमच्याकडे फारसी आली ती दरबाराच्या वाटेने, कागदांत आणि कचेऱ्यांत. तिथून एक शब्द सटकून सुताराच्या हाती लागला तो रंधा. म्हणजे इराणातून एक भाऊ डोंगर ओलांडून पश्चिमेला गेला आणि एक पूर्वेला आला, आणि दोघांची गाठ पडली ती सौदीत, एका अडकलेल्या खणात. मला इथे यायला पासपोर्ट, मेडिकल, व्हिसा आणि कफील, म्हणजे जामीन राहणारा मालक, लागला. शब्द मात्र इतके देश हिंडला, त्याला कोणी इकामा विचारला नाही.

बल्गेरियात तो अजून धडधाकट आहे, नुसता पुस्तकात पडून नाही, ह्याचा त्याला फार अभिमान. विजेवर चालणारं मशीन आलं तरी लोक त्याला विजेचं रेंदेच म्हणतात. रंधा मारण्याला त्याच शब्दाचं क्रियापद केलंय, रेंदोसवाम, मी रंधा मारतो. आणि घरात बायका काकडी-गाजर ज्यावर किसतात तेही रेंदेच. एका शुक्रवारी त्याने मला घरी जेवायला बोलावलं, काकडी-टोमॅटोवर पांढरं खारट चीज त्या दुसऱ्या रेंद्यावर किसून घातलं आणि म्हणाला, “ह्यावर माझी आई, त्यावर माझा बाप.” त्याचा बापही पाय बनवायचा. त्या काळी पाय लाकडाचे असत, आणि खणातला रंधा त्या बापाचा होता. आता पाय कार्बनचे होतात, त्यांना रंधा लागत नाही. पण तो जिथे नोकरीला जाईल तिथे रंधा बरोबर नेतो. “कशाला?” मी विचारलं. त्याने मान हलवली. त्याच्या मानेवरून हो की नाही हे मला कधीच कळलं नाही, आणि माझ्या मानेवरून त्यालाही.

माझा रंधा, म्हणजे बाबांचा, गावी माळ्यावर आहे. त्या शुक्रवारी फोनवर बायकोला विचारलं तर म्हणाली, “हाय तिथंच. गंज चढलाय पात्याला. तुमी कवा येनार नि कवा उतरवनार?” 

उस्ताद आमच्या आयुष्यात आले ते चाकाच्या खुर्चीतून. कतीफच्या किनाऱ्यावर लाकडी होड्या बांधणारे, सत्तरी ओलांडलेले, आणि साखरेने उजवा पाय गुडघ्याखाली नेलेला. तिकडे होडी बांधणाऱ्या मुख्य कारागिराला उस्तादच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणू लागलो. बरोबर त्यांची नात असायची. ती इंग्रजी छान बोलायची, आजोबांचं अरबी बल्गेरियनला सांगायची आणि बल्गेरियनचं इंग्रजी आजोबांना. पाय घालून बघायच्या दिवशी मी तिथे खिडकीची पट्टी बसवत होतो, निदान तसं दाखवत होतो.

कार्बनचा पाय तयार होता. उस्तादांनी तो घातला, दोन दांड्यांच्या मधून सहा पावलं चालले, वळले, सहा पावलं परत आले. बल्गेरियनचा चेहरा फुलला. इतकं सरळ पहिल्या दिवशी कोणी चालत नाही. मग उस्तादांनी एकच गोष्ट विचारली, “हा घालून जमिनीवर बसून काम करता येईल?”

बल्गेरियन म्हणाला, खुर्चीवर बसता येईल, गाडीत बसता येईल. जमिनीवर फार वेळ नको, तुटका पाय ज्या वाटीत बसतो तिची मागची कड मांडीला टोचेल. पण जमिनीवर बसायची गरजच काय?

उस्तादांनी पाय काढला, दोन्ही हातांनी अदबीने टेबलावर ठेवला आणि आभार मानून म्हणाले, “शुक्रन. मग खलास.” खुर्ची वळवायची खूण केली. वळता वळता टेबलावरच्या रंध्याकडे त्यांची नजर गेली आणि क्षणभर थांबली. “रंदा,” ते हळूच म्हणाले. कतीफच्या होडीवाल्यांचाही शब्द तोच निघाला. बल्गेरियनने माझ्याकडे पाहिलं. शब्दाला तिसरा भाऊ सापडला होता, पण आनंद करायची ती वेळ नव्हती.

दारात नातीने खरी गोष्ट सांगितली. उस्तादांनी घरातल्या प्रत्येक नातीला लग्नात स्वतःच्या हाताने केलेला सागाचा संदूक दिला होता. चौघींचे झाले. ही पाचवी, शेवटची. रमजानच्या ईदनंतर तिचं लग्न. फळ्या कापून अंगणात ठेवल्या होत्या आणि तेवढ्यात पाय गेला. “मी म्हटलं आजोबांना, दुकानातून घेऊ,” ती म्हणाली, “तर तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.” त्यांनी खुर्चीत बसून रंधा मारून पाहिला होता. रंधा पुढे जायचा आणि खुर्ची मागे. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नव्हते. आणि आता पायही नको म्हणत होते. संदूक होणार नसेल तर चालून कुठे जायचंय, असं त्यांचं म्हणणं.

ती गेल्यावर बल्गेरियनने कार्बनचा पाय उचलून कपाटात ठेवला. मग एकदम टेबलावर हात आपटून म्हणाला, “बाक! त्यांना उभं राहून काम करायला सुताराचा बाक हवा!”

मला ते इतकं पटलं की मी ताबडतोब उस्तादांच्या कागदांतून मापं घेतली. ह्या गोष्टीची मला आजही लाज वाटते. बल्गेरियनचं ठीक आहे, त्याच्याकडे सगळे उभ्याने रंधा मारतात. त्याचा बाप उभ्याने, आजा उभ्याने. पण मी? दोन आठवडे मी सुट्टीच्या वेळात तो बाक केला. बीच नावाच्या कठीण लाकडाचा, एका बाजूला फळी आवळायचा शिकंजा, कमरेला टेकायला गोल दांडी, उंची उस्तादांच्या मापाची. इतक्या वर्षांत इतकं चांगलं काम माझ्या हातून झालं नव्हतं. जुम्म्याची नमाज झाल्यावर एका दोस्ताच्या पिकअपमध्ये घालून आम्ही दोघं तो कतीफला घेऊन गेलो.

उस्तादांनी बाकावरून हात फिरवला, सांधे तपासले, माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं. आम्हाला मासे आणि भात वाढला. परत येताना बल्गेरियन गाडीत गाणं म्हणत होता.

पुढच्या शुक्रवारी मी कौतुक ऐकायला एकटाच गेलो. बाक अंगणात दिमाखात उभा होता. त्यावर विणलेला रुमाल, रुमालावर कॉफीची किटली, कप, खजुराचं तबक आणि टीव्हीचा रिमोट.

“फार उपयोगी वस्तू केलीस,” उस्ताद म्हणाले. “मांजराला चढता येत नाही.”

माझं डोकं फिरलं. मला राग येतो तेव्हा माझं अरबी सुधारतं. मी म्हटलं, “उस्ताद, इतका चांगला पाय दिला तो नको, इतका चांगला बाक दिला त्यावर किटली. उभं राहून काम करायला काय हरकत आहे? तुम्ही नमाजही आता खुर्चीवर बसूनच पढता ना?”

असं बोलायला नको होतं. पण उस्ताद चिडले नाहीत. कॉफी ओतली, माझ्या हातात कप दिला. “खुर्चीवरची नमाज अल्ला कबूल करतो,” ते म्हणाले. “खुर्चीवरची फळी लाकूड कबूल करत नाही.” मग माझ्याकडे जरा नवलाने पाहून म्हणाले, “रंदा हाताने चालतो असं तुला कोणी शिकवलं? तो पायाने चालतो. तू कोणाचा मुलगा आहेस?”

मी कप खाली ठेवला आणि निघालो. कतीफहून दम्मामला येताना दोन्ही बाजूंना खजुराच्या बागा लागतात. एरवी मी त्या बघत येतो. त्या दिवशी मला फक्त बाबांचा पाय दिसत होता.

बाबा जमिनीवर बसून काम करायचे. आमच्या किनाऱ्यावर सगळेच. डावा पाय मांडीखाली, उजवा पुढे पसरलेला, आणि त्या उजव्या पायाने फळी धरलेली. टाच फळीच्या कडेवर, अंगठा बाजूला फाकलेला. बारीक तुकडा असला तर अंगठा आणि शेजारचं बोट ह्यांच्या चिमटीत. तोच त्यांचा शिकंजा. बाजारात मिळणाऱ्या शिकंज्याला फळी घट्ट धरता येते, पण कधी ढिली सोडायची आणि कधी दाबायची हे त्याला कळत नाही. बाबा म्हणायचे, रेषा उलटी लागली की आधी टाचेला कळतं, मग हाताला. त्यांचा अंगठा त्या कामाने इतका फाकला होता की पायात चप्पल धड बसायची नाही. बारा वर्षांचा असल्यापासून मीही तसाच बसलो, तसाच रंधा मारला, आणि इथे येऊन एकोणीस वर्षं बूट घालून उभ्याने स्क्रू मारत विसरून गेलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. माझा तर कळसा बुटात होता.

आणि उस्तादांचं काय गेलंय हे तेव्हा मला कळलं. आम्ही समजत होतो त्यांचा चालायचा पाय गेलाय. गेला होता त्यांचा धरायचा पाय.

रविवारी सकाळी कामावर जाताच मी तळमजल्यावर गेलो. बूट काढले, मोजे काढले, फरशीवर बसलो आणि एक फळी टाचेखाली घेतली. “रेंदे दे,” मी म्हटलं. बल्गेरियनने बापाचा रंधा माझ्या हातात दिला. गुडघे बोंबलत होते, पण पायाला सगळं आठवत होतं. मी दोन हात मारले, फळी फिरवली, पुन्हा धरली. तो आधी उभ्याने बघत होता, मग खुर्चीवर बसला, मग सरळ फरशीवर पोटावर झोपला आणि माझ्या पायाकडे अगदी जवळून बघू लागला. तेवढ्यात एक नर्स काही कागद घेऊन आली, आम्हाला पाहिलं आणि कागद दारातच ठेवून गेली.

“तीस वर्षं,” तो उठून कोट झटकत म्हणाला, “तीस वर्षं मी चालायचे पाय बनवतोय. पायाला दुसरी नोकरी असते हे मला कोणी सांगितलंच नाही.”

मी त्याला सांगितलं की आमच्याकडे जयपूरचा पाय म्हणून एक असतो, तो घालून माणसं उकिडवी बसतात, शेतात जातात. त्याला ते ठाऊक होतं, त्याबद्दल वाचलेलं होतं. पण तो म्हणाला, इथे प्रश्न बसण्याचा कमी आणि धरण्याचा जास्त आहे. कार्बनचं पाऊल स्प्रिंगसारखं, दाबलं की उलट ढकलतं. चालताना ते हवंच असतं, फळी धरताना नेमकं तेच नको. रबराचं पाऊल सगळी थरथर गिळून टाकेल, मग टाचेला काय कळणार? “लाकूड,” तो म्हणाला. “लाकूड गिळत नाही, वरपर्यंत पोचवतं.” हे बोलताना त्याचा चेहरा एखाद्या पोरासारखा झाला होता. एवढ्या वर्षांनी बापाच्या रंध्याला काम मिळणार होतं.

मग त्याने माझ्याकडे बघून म्हटलं, “पाऊल बनवायला नमुना हवा. अंगठा असा फाकलेला मला दुसरीकडे कुठे मिळणार?”

म्हणून माझ्या उजव्या पायाचा साचा काढला गेला. ओलं प्लास्टर पायाला लावतात तेव्हा काय गुदगुल्या होतात! मी हसत होतो, तो ओरडत होता, हलू नकोस म्हणून. साचा सुटला तेव्हा मी पहिल्यांदा माझा पाय बाहेरून नीट पाहिला. रुंद पंजा, अंगठा एकीकडे, आणि शेजारचं बोट थोडं आत वाकलेलं. ते वाकडं बोट बाबांचं. आमच्या घरात ते सगळ्यांनाच आहे.

लाकूड उस्तादांनी दिलं. आम्ही सगळं सांगितल्यावर त्यांनी नातीला आत पाठवून फडक्यात गुंडाळलेला एक तुकडा आणवला. जुना साग, त्यांच्या वडिलांच्या होडीतला, होडी मोडली तेव्हा ठेवून दिलेला. ते सागाला साज म्हणतात. “साज हिंदहून यायचा,” ते मला म्हणाले, “तुझ्याच बाजूने.” मी म्हटलं, पायही माझ्याच बाजूचा आहे. तेव्हा ते इतके हसले की नात धावत बाहेर आली.

तीन आठवडे लागले. मी तासून आकार आणायचो, बल्गेरियन रंध्याने आणि कानशीने उतरवत आणायचा. वाटीची मागची कड त्याने खाली घेतली, म्हणजे बसल्यावर टोचणार नाही. ह्या पायाने चालायचं नव्हतंच, त्यामुळे वजनाची काळजी नव्हती. त्याने पाऊल घासून घासून असं गुळगुळीत केलं की त्यात खिडकी दिसावी. मला मनातून वाटत होतं की हे जास्तच होतंय, पण त्याचा आनंद बघून बोललो नाही. बाकानंतरची ही माझी दुसरी चूक.

उस्तादांनी अंगणात चटईवर बसून तो पाय चढवला. फळी भिंतीला टेकवली, लाकडी टाच कडेवर ठेवली, रंधा धरला, पहिला हात मारला आणि फळी सटकली. दुसऱ्यांदा मारला, पुन्हा सटकली. तिसऱ्यांदा ते स्वतःच कलंडले. नातीने पुढे होऊन धरलं.  बल्गेरियनचे कान लाल झाले होते. मला वाटलं, आता हे पुन्हा म्हणणार, शुक्रन, खलास.

उस्तादांनी पाय काढून मांडीवर घेतला. लाकडी टाचेवरून बोट फिरवलं. “ही टाच अजून एक दिवसही चाललेली नाही,” ते म्हणाले. मग बाजूचा छोटा वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, उचलला आणि खाट, खाट, खाट, त्या आरशासारख्या टाचेवर आडवे घाव घातले. बल्गेरियन किंचाळला. त्याच्या भाषेत काय म्हणाला ते कळलं नाही, पण ते समजायला भाषा लागत नाही. उस्तादांनी टाच चांगली खरबरीत केली, अंगठ्याच्या आतल्या बाजूला एक खाच पाडली, लाकडाचा चुरा फुंकून टाकला आणि पाय परत चढवला. बाबांच्या टाचेला अशाच भेगा होत्या. आई त्यात मेण भरायची आणि बाबा ते काढून टाकायचे. तेव्हा आम्हाला ती त्यांची हट्टी खोड वाटायची.

ह्या वेळी फळी हलली नाही. रंधा एका दमात शेवटपर्यंत गेला. उस्तादांनी डोळे मिटले, टाच थोडी दाबली, थोडी सोडली, पुन्हा रंधा मारला. “कळतंय?” मी विचारलं. ते म्हणाले, “गुडघ्याला कळतंय. पूर्वी टाचेला कळायचं. कळणारा दोन वीत वर राहायला गेलाय, एवढंच.”

बल्गेरियन अंगणात एक चक्कर मारून आला आणि मला म्हणाला की पुढच्या वेळी टाचेला पॉलिश करणार नाही. मी मान हलवली.

त्यानंतर उस्तादांकडे दोन पाय झाले. एक इस्पितळाचा, तो घालून ते मशिदीत आणि मासळीबाजारात जात. दुसरा कामाचा, तो अंगणात हत्यारांच्या पेटीत राही, करवतीशेजारी. रमजानमध्ये ते सकाळी सकाळी, ऊन चढायच्या आत, रोज दोन तास बसत. मी शुक्रवारी जायचो, पण मला ते कशालाही हात लावू देत नसत. मी बघायचो. इतकं समाधान मला स्वतः काम करूनही क्वचित मिळालं असेल. चारही बाजू उभ्या राहिल्या, तळ बसला, पितळेच्या खिळ्यांची नक्षी झाली.

राहिलं झाकण. ईदला दहा दिवस होते. झाकणाची फळी रुंद, अखंड, आणि तिला मोठा रंधा हवा, दोघांनी चालवायचा. आमच्याकडेही तो असायचा. एकजण मागून लोटतो, आणि रंध्याच्या पुढच्या खुंटीला बांधलेली दोरी दुसरा समोर बसून ओढतो. लोटणारा आणि ओढणारा ह्यांचा दम एक असावा लागतो, नाहीतर पातं उड्या मारतं. आमच्या घरात लोटायचे बाबा आणि ओढायचो मी, डावी टाच फळीला लावून.

त्या शुक्रवारी झाकणासाठी आम्ही उन्हं कलल्यावर बसलो, आणि बल्गेरियनही आला होता. तो बाकाला टेकून उभा होता. रोजे होते म्हणून किटली रिकामी होती आणि तोही आमच्याबरोबर मगरिबची, म्हणजे रोजा सोडायच्या वेळेची, वाट बघत होता. एका माणसाला तरी तो बाक बरोबर उंचीचा झाला होता. उस्तादांनी मोठा रंधा फळीवर ठेवला, दोरी सरळ केली आणि नातवांपैकी कोणाला हाक मारतील असं वाटत असताना माझ्याकडे पाहिलं.

“बस,” ते म्हणाले. “बूट काढून.”

मी बसलो. उजवा पाय मांडीखाली घेतला, डावा पुढे पसरला आणि फळीच्या माझ्याकडच्या टोकाला टाच लावली. दोरी हाताला गुंडाळली आणि समोर पाहिलं. फळीच्या त्या टोकाला सागाचा उजवा पाय होता. रुंद पंजा, फाकलेला अंगठा, शेजारचं बोट आत वाकलेलं. ह्या टोकाला डावा, तसाच. एका फळीवर जोडी पुरी झाली होती, आणि ती माझी नव्हती, बाबांची होती.

“यल्ला,” उस्ताद म्हणाले.

मी ओढलं, त्यांनी लोटलं. दम पहिल्याच हाताला एक झाला. रंध्याच्या तोंडातून एक साल निघाली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, न तुटता, आणि गुंडाळत गुंडाळत माझ्या मांडीवर येऊन पडली. मला पुढचं नीट दिसेना. बल्गेरियनने विचारलं काय झालं. मी म्हटलं, काही नाही, डोळ्यात भुसा गेला.

रंध्याचा भुसा उडत नसतो. तिथल्या आम्हा तिघांनाही ते माहीत होतं.  उस्तादांनी टाच सैल केली, फळी सरळ घेतली आणि पुन्हा दाबून धरली.